मुंबईचा पगार आणि ‘कुटुंब’ ही संज्ञा

अमुक पगारावर मुंबईत संसार चालेल का, हा प्रश्न मराठी मुलखात निदान शंभर-सव्वाशे वर्षे विचारला जात आहे. सोयरीक जुळविताना मुलीचा बाप तो विचारतो, गावाहून पहिल्यांदा निघालेला तरुण तो आधी गेलेल्या भावाला विचारतो, आणि वेतनाचा वाद चालविणाऱ्या प्रत्येक लवादापुढे व आयोगापुढे तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत पुन्हा उभा राहतो. वरवर पाहता तो निव्वळ हिशेबाचा आहे. एका बाजूस मिळकत मांडावी, दुसऱ्या बाजूस खर्च मांडावा, वजाबाकी करावी, की उत्तर हाती आले. परंतु या वजाबाकीत एक तिसरी संख्या आधीच गृहीत धरलेली असते. तो पगार किती तोंडांत वाटावयाचा, ही ती संख्या होय. ती कोणी ठरविली, कोणत्या हेतूने ठरविली आणि तीत कोणाला वगळले, याचा शोध घेतल्याखेरीज ‘पुरतो’ आणि ‘पुरत नाही’ या दोन्ही निर्णयांस फारसा अर्थ राहत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. श्रमाच्या नियतकालिक मोबदल्यास मराठीत जे शब्द रूढ झाले ते बहुतेक राज्यकर्त्यांच्या भाषांतून आले आहेत. ‘मुशाहरा’ या शब्दाच्या मुळाशी अरबीतील महिनावाचक ‘शहर’ आहे. ‘दरमहा’ फारसी आहे. ‘तनखा’ हा फारसी ‘तनख्वाह’ शब्दाशी निगडित असून त्याचा शब्दशः अर्थ देहाला जे हवे ते, असा सांगितला जातो. आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ते ‘देणे, फेडणे’ या अर्थाचे क्रियापद आहे; मराठीने त्याचे नाम केले. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द जुना असला तरी बोलण्यात तो कधीच रुळला नाही. तो सरकारी कागदावरचा शब्द राहिला. देणाऱ्याच्या बाजूचे शब्द असे परके आहेत. घेणाऱ्याच्या बाजूचे शब्द मात्र अस्सल घरगुती आहेत : पुरणे, भागणे, निभणे, तोंडमिळवणी करणे. ‘भागणे’ या रूपात गणितातील भागाकारही आहे आणि गरज पूर्ण होणेही आहे. दोहोंची व्युत्पत्ती एकत्र बांधण्याची घाई करू नये हे खरे, तथापि बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ शेजारी नांदत असावेत असे मानण्यास हरकत नाही. सुस्थितीसाठी मराठीने जो वाक्प्रचार पसंत केला तोही ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘खाऊनपिऊन सुखी’ असे आपण म्हणतो. या सुखात अन्न आहे, जागा नाही. ज्या समाजात डोक्यावरचे छप्पर वडिलोपार्जित असे, त्या समाजाचा हा वाक्प्रचार आहे. मुंबईत तो अपुरा पडला.

मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कंपनी स्थापन झाली ती १८५४ साली. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, तेव्हा अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा व्यापार शिगेला पोहोचला होता आणि शहरातले भाव चढले होते. दोनच वर्षांनी तो फुगा फुटला; पण माणसांचा ओघ थांबला नाही. १८९६ च्या प्लेगने तो काही काळ उलटा फिरविला, इतकेच. १९२१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि तीपैकी शहरातच जन्मलेले लोक सुमारे १६ टक्के होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. या शेवटच्या आकड्यात सर्व प्रकरणाचे बीज आहे. मुंबईत पगार मिळविणारे पुरुष होते. त्यांच्या बायका, मुले, आईबाप फार मोठ्या प्रमाणात अन्यत्र होते.

भाषेने ही स्थिती बिनचूक नोंदविली आहे. कोकणातला किंवा घाटावरचा माणूस मुंबईत ‘खोली’त राहतो, ‘बिऱ्हाड’ करतो. ‘घर’ मात्र गावी असते. ‘बिऱ्हाड’ या शब्दात मुक्कामाची, उचलून नेता येण्याजोग्या संसाराची छटा आहे. वीस-पंचवीस वर्षे एकाच चाळीत काढलेला मनुष्यही ‘घरी जाऊन आलो’ असे म्हणे ते गावाविषयी. ‘चाकरमानी’ हा शब्द त्याहून बोलका आहे. मुंबईत कोणी स्वतःस चाकरमानी म्हणवीत नाही; गणपतीला किंवा शिमग्याला गावात उतरल्यावर त्याला ते नाव मिळते. म्हणजे शहरातल्या माणसाला ओळखणारा हा शब्द गावाच्या उंबऱ्यावरून उच्चारलेला आहे. गोव्याच्या लोकांनी धोबीतलावाच्या परिसरात गावोगावच्या ‘कुडी’ उभ्या केल्या, तिथे एका गावच्या माणसांना अल्प खर्चात पथारी आणि पेटी ठेवण्यापुरती जागा मिळे. रत्नागिरीकरांच्या गावकीच्या खोल्यांची तीच रीत होती.

गिरणीतला नवा माणूस कामावर लागला की पहिला पगार हाती येईपर्यंत दीड महिना लोटत असे, कारण मजुरी मासिक असून महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी वाटली जाई. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने ही मुदत सातव्या वा दहाव्या दिवसावर आणली. तोपर्यंत दीड महिन्याचा शिधा वाण्याकडून उधारीवर आणि रोख गरज सावकाराकडून भागवावी लागे. रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर होता. वर्षाला तो पंचाहत्तर टक्के होतो. पगार पुरतो की नाही याची चर्चा करणाऱ्यांनी पगाराच्या रकमेइतकाच पगाराच्या तारखेचा विचार करावयास हवा होता. तो बराच उशिरा झाला.

पहिल्या महायुद्धाने या प्रश्नाला सरकारी दप्तरात आणले. १९१८ च्या प्रारंभी मुंबईत धान्याची दुकाने लुटली गेली, त्याच वर्षी भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला, १९१९ च्या जानेवारीत गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला आणि १९२० साली दुसरा. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी स्थापिली आणि तिने लगोलग दोन कामे हाती घेतली. जुलै १९१४ चे भाव शंभर धरून निर्वाहखर्चाचा निर्देशांक काढणे हे पहिले, आणि कामकरी वर्गाच्या घरखर्चाची पाहणी करणे हे दुसरे. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली झालेल्या या पाहणीचा अहवाल १९२३ साली बाहेर आला. २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च तीत गोळा केले होते.

त्या अहवालातील आकडे आजही सावकाश वाचण्याच्या योग्यतेचे आहेत. सरासरी कुटुंब ४.२ माणसांचे आणि त्याचे मासिक उत्पन्न रुपये ५२-४-६. हा एका माणसाचा पगार नव्हे. स्त्रिया व मुले मिळवीत असल्यास त्यांची मजुरीही त्यात धरलेली होती. खर्चाच्या शंभर भागांपैकी अन्नावर ५६.८, कपड्यांवर ९.६, जळण व दिवाबत्तीवर ७.४, भाड्यावर ७.७ आणि उरलेले १८.५ संकीर्ण गोष्टींवर. सत्त्याण्णव टक्के कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. सत्तेचाळीस टक्के कर्जात होती आणि कर्जाची रक्कम साधारण अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढी होती. अहवालाने आणखी एक तुलना केली, आणि तीच पुढे गाजली. मुंबईचा कामकरी मनुष्य जेवढे धान्य खातो ते दुष्काळी कामावरील शिध्याच्या कमाल मर्यादेइतके भरते, परंतु मुंबई तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यांस ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा ते कमी आहे, असे सरकारी अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांना यापेक्षा मोठे शस्त्र लागले नसते. त्याच्या तेजात अहवालातील दुसरी, अधिक मूलगामी बाब मात्र झाकोळून गेली.

ती बाब अशी की, अहवालाने माणसांची वाटणी ‘कुटुंबे’ आणि ‘एकटे पुरुष’ अशा दोन वर्गांत केली. मुंबईत बायकोमुलांसह राहतो तो कुटुंबवाला, आणि मुंबईत एकटा राहतो तो एकटा. प्रशासनाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही, कारण पाहणी शहराची होती. परंतु ‘एकटा’ ठरलेल्या पुरुषाला गावी बायको होती, मुले होती, आईबाप होते आणि दर महिन्याला त्यांच्यासाठी तो मनीऑर्डर करीत होता. भारतात मनीऑर्डरची सोय १८८० पासून आहे, आणि कोकणातल्या पोस्टमनचे गावातले स्थान तिने कायमचे ठरवून टाकले. मराठीत ‘कुटुंब’ या शब्दाला त्या काळी आणखी एक अर्थ होता. ‘आमचे कुटुंब गावी असते’ असे म्हणणारा मनुष्य पत्नीविषयी बोलत असे. कोणाही मराठी गिरणीकामगाराला त्याच्या भाषेत ‘तुमचे कुटुंब किती माणसांचे?’ असे विचारले असते, तर तो गावची चूल मोजूनच उत्तर देता. इंग्रजी कोष्टकातील कुटुंब आणि मराठी माणसाच्या तोंडचे कुटुंब या दोन भिन्न वस्तू होत्या. बाहेरगावच्या आश्रितांची दखल अहवालात घेतली गेली, एकट्या पुरुषांच्या खर्चात गावी जाणाऱ्या रकमेचा वाटा किती मोठा आहे हेही दिसून आले. पण निर्वाहखर्चाचा निर्देशांक ज्या वस्तूंच्या भावांवरून निघे त्या सर्व मुंबईच्या बाजारातल्या होत्या. कोकणात तांदूळ महागला, घर शाकारावयाचे झाले, बैल मेला, यांपैकी कशाचाही त्यावर परिणाम होण्याचे कारण नव्हते.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, गावी शेत होते, तेव्हा गावचे माणूस शेतावर जगे आणि मुंबईचा पैसा वरकड होता. आक्षेपात तथ्य आहे, पण तो उलटही वळविता येतो. गावचे भात, नाचणी आणि घर यांमुळे गिरणीमालकाला मजुराच्या म्हातारपणाचा, आजारपणाचा, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाचा आणि मुलांच्या वाढीचा खर्च मजुरीत धरावा लागत नव्हता. माणूस वयात आल्यावर गावाने तो तयार करून धाडला आणि थकल्यावर परत घेतला. मधल्या कर्त्या वर्षांचे भाडे तेवढे मुंबईने दिले. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने, ज्यास अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही एकंदरीत जमेची बाजू ठरविली आणि तो तोडण्याऐवजी त्यास वळण लावावे असे सुचविले. आयोगाचा हेतू सहानुभूतीचा होता. परंतु ही जमा कोणाच्या खात्यावर पडत होती, हा प्रश्न त्याने पुरेसा विचारला नाही. संपाच्या वेळी मात्र हीच जमा कामगाराच्या बाजूस वळे. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टिकला, याचे श्रेय संघटनेइतकेच गावच्या चुलीलाही द्यावे लागते.

१९३२-३३ साली कामगार कचेरीने दुसरी पाहणी केली. तेव्हा मंदीमुळे धान्य स्वस्त झालेले होते. सरासरी कुटुंब ३.७० माणसांवर आले होते आणि उत्पन्न रुपये ५०-१-७ होते. अन्नाचा वाटा ४६.६ टक्क्यांपर्यंत उतरला. भाड्याचा वाटा मात्र १२.८ वर चढला. दहा वर्षांत ‘खाऊनपिऊन सुखी’ या मापाची अडचण येथे आकड्यांनी उघड केली. खाणे स्वस्त होऊ शकते आणि राहणे त्याच वेळी महाग होऊ शकते. दरम्यान विकास खात्याने १९२० नंतर नायगाव, वरळी, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या होत्या. मूळ संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. सिद्धीस गेल्या त्या साडेसोळा हजारांच्या सुमारास. खोली सुमारे एकशे साठ चौरस फुटांची. तिच्यात एक संसार, त्याचे पाव्हणेरावळे आणि बहुधा भाडे वाटून घेणारा गाववाला एवढी माणसे मावत. रात्रपाळी सुरू झाल्यावर एकाची पथारी उचलली की तिथेच दुसऱ्याची पडे.

खोलीत जी थोडी बायकामाणसे होती त्यांच्या श्रमाचाही हिशेब कोठे लागलेला नाही. गिरणगावातल्या खाणावळी बहुतांशी अशाच स्त्रियांनी आपल्या खोलीत चालविल्या. पाच-दहा ‘एकट्या’ पुरुषांचे दोन वेळचे जेवण एका चुलीवर होई, पैसे पगाराच्या दिवशी मिळत आणि तोवर वाण्याची उधारी बाईच्या नावावर चढे. म्हणजे गिरणीच्या उशिरा मिळणाऱ्या पगाराला भांडवल पुरविण्याचे काम अखेरीस या बाया करीत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेची दारे उघडून दिली, तेव्हा या व्यवसायाला शे-दीडशे नव्हे तरी पुष्कळ दशके होऊन गेली होती.

पगाराची रक्कम आणि राहणीची पातळी या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर असू शकतात, याचे एक उदाहरण सुपरिचित आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांस दरमहा ४५० रुपये मिळू लागले. गिरणीकामगाराच्या कुटुंबाच्या उत्पन्नाशी तोलल्यास हा आकडा प्रचंड होता. तरीही ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे होते, त्यासाठी रमाबाईंच्या हाती घरखर्चाची बेताची रक्कम ठेवून उरलेली साठविली जात होती. जुलै १९२० मध्ये ते निघाले. पगारावर कोणाचे व कशाचे हक्क आधीच लागलेले आहेत, यावर त्याचे पुरणे-न-पुरणे अवलंबून असते. चाकरमान्याच्या पगारावर हक्क गावच्या घराचा होता, एवढाच फरक.

१९४७ साली दोन निर्णय जवळजवळ एकाच वेळी झाले. औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरणीकामगाराची किमान मूळ मजुरी सव्वीस दिवसांच्या महिन्यास तीस रुपये ठरविली आणि महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडून दिला. केंद्रीय सरकारच्या पहिल्या वेतन आयोगानेही तळच्या नोकरासाठी तीस रुपये मूळ वेतन व पंचवीस रुपये महागाई भत्ता सुचविला. त्याच वर्षी मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण मानली गेली. वेतनाच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख क्वचित होतो. तो व्हावयास पाहिजे. कारण त्यानंतर एकाच कचेरीत, एकाच पगारावर बसणाऱ्या दोन कारकुनांचे जीवनमान निरनिराळे झाले. ज्याच्या वडिलांनी गिरगावात खोली घेऊन ठेवली होती त्याचे भाडे गोठले. जो नंतर आला त्याला पागडीसाठी कित्येक महिन्यांचा पगार मोजावा लागला किंवा उपनगराची, पुढे कल्याण-विरारची वाट धरावी लागली. पगार पुरतो का, या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून शहरात केव्हा आलात यावर ठरू लागले. सरासरीने काढलेल्या निर्देशांकात हे दोन कारकून एकच होते.

जुलै १९५७ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची कसोटी घालून दिली, आणि ‘कुटुंब’ म्हणजे काय याचे उत्तर तेथे कायमचे लिहिले गेले. एका मिळवत्यामागे तीन उपभोग-एकके. पुरुषाचे एक, पत्नीचे ०.८ आणि दोन मुलांची प्रत्येकी ०.६ अशी ती बेरीज पुढे मांडली जाते. आहार डॉ. ॲक्रॉइड यांच्या मापाने प्रौढास २,७०० उष्मांक. कापड माणशी वर्षाला अठरा वार, चौघांस बहात्तर. भाडे सरकारी औद्योगिक घरबांधणी योजनेतील किमान दराने. आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण किमान वेतनाच्या वीस टक्के. या कसोटीने मजुराच्या जीवनाला हक्काची किमान पातळी मिळवून दिली, हे तिचे मोठेपण निर्विवाद आहे. पण तीत आईबाप नाहीत. १९२३ च्या अहवालात ते निदान आश्रित म्हणून दुरून दिसत होते. १९५७ च्या सूत्रात ते मुळीच दिसत नाहीत. मुंबईचा कामगार आता शहरात संसार करील आणि संसार म्हणजे नवराबायको व दोन मुले, असे हे चित्र होते. प्रत्यक्षात १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले तेव्हा त्यांतल्या हजारोंनी साताऱ्याच्या व कोकणाच्या गाड्या पकडल्या. त्यांची गावची घरे चौतीस वर्षांच्या स्वातंत्र्यानंतरही उभी होती आणि त्यांत म्हातारी माणसे राहत होती.

गिरण्या गेल्या, सूत्र राहिले. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने किमान वेतन १८,००० रुपये ठरविताना पंधराव्या परिषदेची तीच तीन एकके पायाशी धरली. शहराच्या महागाईची भरपाई घरभाडे भत्त्याने होते, असे मानले जाते. मुंबईसारख्या पहिल्या वर्गाच्या शहरासाठी तो मूळ वेतनाच्या २४ टक्के, कमीत कमी ५,४०० रुपये, ठेवण्यात आला आणि महागाई भत्ता वाढत गेला तसतसा तो २७ व ३० टक्के झाला. किमान वेतनावरच्या माणसाला या रकमेत मुंबईत स्वतंत्र खोली मिळणे दुरापास्त आहे, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळी आहे. त्याच सरकारी नोकराच्या वैद्यकीय सवलतीच्या नियमांत अवलंबून असलेले आईबाप ‘कुटुंबा’त मोडतात. २००७ च्या कायद्याने तर वृद्ध आईबापांचा निर्वाह करणे हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य ठरविले असून त्यासाठी न्यायाधिकरणेही नेमली आहेत. म्हणजे औषध देताना आणि निर्वाहाची जबाबदारी टाकताना जे कुटुंब मोजले जाते, ते पगार ठरविताना मोजले जात नाही. तेथे अजून तीन एककांचाच हिशेब चालतो, आणि चौथ्या-पाचव्या माणसाची रक्कम पूर्वी मनीऑर्डरने जाई ती आता मोबाईलवरून जाते.